उंदरांची सुई

आत्ती,

म्हादू म्हणाला, "आईवर चार ओळी लिही. घरात शिकलेली तूच हायस." कागद पुढ्यात घेतला आणि पहिल्यांदा लाज वाटली, रडू नंतर आलं. क्रम असाच होता. तुझ्याशी आडपडदा ठेवून उपयोग नाही. धारवाडहून मी आले की पायरी चढायच्या आत माझं तोंड बघून तू म्हणायचीस, "आज काय तरी बिनसलंय." आणि बिनसलेलं असायचंच.

तू माझ्या बापाची सख्खी बहीण. म्हणून मी लहानपणापासून तुला एकेरीच हाक मारली. तुझ्या म्हादूशी लग्न होऊन तुझ्याच घरात आले, तेव्हा रामनगरच्या बायकांनी सुचवलं, आता ती सासू झाली, 'तुम्ही' म्हणत जा. तू त्यांना उडवून लावलंस. "भावाची लेक हाय ती माझ्या. तुम्ही म्हणाय लागली तर मला वाटंल भांडायली." त्यामुळे आपलं भांडण झालं तेव्हाही ते 'तू'मध्येच झालं. ते पुरतं मिटलं की नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

उंदरांपासून सांगायला हवं. धारवाडला माझं पीएच.डी.चं काम चालू होतं. तिथं प्रयोगशाळेत पांढरे उंदीर होते, पिंजऱ्यात जन्मलेले आणि पिढ्यान् पिढ्या एकच खाणं खाणारे. आमचे सर एकदा म्हणाले, शेतातला उंदीर पावसाळ्यात उपाशी असतो आणि सुगीला लठ्ठ होतो, त्याच्या रक्तात काय बदलतं ते बघायला पाहिजे, पण असे उंदीर आणायचे कुठून? मी विचार न करता बोलून गेले, "आमच्या शेतात आहेत, सर." बोलताना शेत माझ्या डोळ्यासमोर होतं. तू नव्हतीस.

पिंजरे टेंपोतून उतरवले तेव्हा तू अंगणात तांदूळ पाखडत होतीस.

"ह्यात काय घालणार?"

"उंदीर."

"घरात कमी हाईत म्हणून इकत आणलीस काय?"

"इकत न्हाई. आपल्याच बांधावरचे धरायचे."

तू सूप खाली ठेवलंस. "म्हंजे जन्मभर ज्यास्नी मी औषध घालत आले, त्यास्नी तू पाळणार."

तरी गोठ्याची रिकामी बाजू तूच झाडून दिलीस. चवथीला शेजारणींनी कुजबूज केली, गणपतीचं वाहन कोंडून घातलंय आणि वर गणपती बसवलाय. तू आरतीचं ताट हातात घेऊनच दारात गेलीस. "कोंडलंय, पण खायाला घालाय लागलोय. तुमच्या घरात काय घालतासा? औषधच न्हवं?" आत येऊन मात्र तू मला हळूच विचारलंस, "मारणार हाईस काय ग त्यास्नी शेवटी?" मी म्हटलं, काहींना मारावं लागेल. त्या दिवशी तू देवापुढं नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलीस.

उंदरांचे दोन गट केले होते. एका गटाला नवा तांदूळ, खोबरं, गूळ. दुसऱ्याला नाचणी, तीही मापून. मी आठवड्यातले बरेच दिवस धारवाडला असायची, म्हणून खायला घालायचं काम तुझ्याकडं आलं. तुला साखरेचा आजार. गूळ तुला बंद. खोबऱ्यात गूळ कालवून लठ्ठांच्या पिंजऱ्यात टाकताना तू त्यांना शिव्या द्यायचीस. "मला बंद, आन् ह्येंचं बघा." नाचणीवाल्यांची तुला दया यायची. "ह्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? दे की एक खडा." मी सांगायची, एक खडा दिलास तर माझं सगळं काम फुकट जाईल. तू दिला नाहीस. एकदाही नाही. त्यांच्या वजनावरून मला ते कळायचं, आणि तुला शब्द पाळणं किती जड जात असेल हेही कळायचं.

रक्त काढायच्या दिवशी तू बाजल्यावर बसून बघत राहायचीस. शेपटीच्या टोकातून थोडं रक्त घ्यायचं, नळीत भरायचं, हातानं फिरवायच्या यंत्रात घालून गरागरा फिरवायचं, मग वर साठलेलं पिवळसर पाणी तेवढं काढून बर्फाच्या थर्मासात. ते यंत्र फिरवायचं तुला आवडायचं. "जातं बरं ह्याच्यापरीस," म्हणत फिरवायचीस.

"एवढं कशाला लागतंय?" असं तू विचारलंस, तेव्हा मी पहिल्यांदा तुला आमचं काम समजावून सांगितलं. जेवलं की साखर रक्तात येते. इन्शुलिन शरीराला निरोप देतं, की ही साखर आत घ्या, वापरा. रक्तात एक प्रथिन असतं, यकृत ते बनवतं. ते वाढलं की निरोप पोचत नाही. साखर रक्तातच फिरत राहते आणि यकृतात, पोटात चरबी धरते. लठ्ठ उंदरांत ते जास्त असतं, उपाशी उंदरांत कमी, असं दिसत होतं. पण ते जास्त असल्यामुळे उंदीर आजारी पडतात, की आजारी पडल्यामुळे ते वाढतं, हे सरांनाही माहीत नव्हतं.

"म्हंजे निरोप घेऊन आलेल्याला दारातच अडवून धरणारं कोणतरी," तू म्हणालीस. "आडमुठ्या."

तेच नाव पडलं. धारवाडहून आले की पाण्याचा तांब्या पुढं करत तुझा पहिला प्रश्न, "आडमुठ्या कितका निघाला?" प्रयोगशाळेतही एकदा माझ्या तोंडून तेच निघालं. सर हसले. पुढं त्यांनाही सवय लागली.

तुझ्या स्वतःच्या साखरेचा विषय निघाला की मात्र तू उठून जायचीस. रामनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता गोळ्यांनी भागणार नाही, इन्शुलिन सुरू करू या. आपला वाद तिथं अडकायचा.

"ती सुई एकदा लागली की मेल्याबिगर सुटत न्हाई. खालच्या गल्लीतल्या तात्यानं घेतली. गेला."

"तो सुईनं नाही गेला आत्ती, उशिरा घेतली म्हणून गेला."

"गेला न्हवं?"

म्हादू सांगून थकला, मी सांगून थकले. तू गोळ्या घ्यायचीस, आणि मी नसताना कुणीतरी सांगितलेला कडू काढा घ्यायचीस.

त्या सुगीनंतर लठ्ठ उंदीर आम्ही धारवाडला नेले. ते प्रथिन रक्तात धरून ठेवणारं एक द्रव्य, म्हणजे प्रतिद्रव्य, आम्ही सशाच्या शरीरात तयार करून घेतलं होतं. ते उंदरांना टोचलं आणि मग साखरेचं पाणी पाजलं. जी साखर एरवी रक्तात रेंगाळायची, ती भराभर उतरली. सरांनी आकडे परत परत तपासले आणि खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "जा, घरी जाऊन ये." लोंढ्याला उतरून रामनगरची बस मिळेपर्यंत मला उभं राहवत नव्हतं. दारातूनच ओरडले, "आत्ती, आडमुठ्या बाजूला झाला! साखर उतरली!"

तू चुलीपुढून उठलीस. माझ्या तळहातावर साखर ठेवलीस. म्हादूला हाक मारलीस, त्याच्याही हातावर ठेवलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, ते माझ्यासाठी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात आले, तर तू बाजल्यावर बसली होतीस. पदर बाजूला सारून दंड उघडा केला होतास.

"टोच."

मला आधी कळलंच नाही.

"काल म्हणालीस ती सुई. टोच."

"आत्ती, ती उंदरांची आहे."

"मग? आडमुठ्या माझ्यात बी हाय न्हवं?"

"असेल. पण माणसाला ती देता येत नाही."

"कोण म्हणतंय?"

"सर म्हणतात. नियम आहे."

"सराला साखर हाय?"

"न्हाई."

"मग त्याला काय ठावं?"

मी हसून विषय बदलायला बघितलं. तू हसली नाहीस. "कुणाला सांगणार न्हाई मी. म्हादूला बी न्हाई. मेले तर माझ्या मर्जीनं मेले म्हणून कागदावर अंगठा उठवून देते. तू म्हणतीस ती डाक्तरची सुई रोज घ्याय लागत्या. ही एकदाच, न्हवं? एकदाच टोच आन् मोकळी कर मला."

तुला कुणाकडं काही मागताना मी पाहिलं नव्हतं. शेजारणीकडं विरजणसुद्धा मागायला तू मला पाठवायचीस. आणि सकाळच्या उजेडात तू दंड उघडा टाकून भावाच्या लेकीपुढं बसली होतीस. मला तुझ्याकडं बघवेना.

"न्हाई आत्ती. डॉक्टरांची सुई घे. ती माणसाची आहे."

"ती घेणार न्हाई."

"मग कुठलीच नाही."

तू पदर परत घेतलास. सावकाश, दोनदा नीट केलास. "बरं," एवढंच म्हणालीस आणि नाचणीचा डबा उचललास. त्या दिवशीही तू त्यांना मापूनच घातलीस.

संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्या घरी होतं. ओटीवर बायका बसल्या होत्या, मी तिळगुळाची वाटी घेऊन फिरत होते. शाळेतल्या बाईंनी कौतुकानं विचारलं, "तुमच्या सूनबाईंनी साखरेवर औषध काढलं म्हणे. आता तुम्हाला काळजी नाही."

तू कुंकवाची कोयरी खाली ठेवलीस. "काढलंय की. उंदरांच्यासाठी. मी हात पुढं केला तर न्हाई म्हणाली. तिला उंदीर सख्खे."

कुणीतरी हसायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडला. माझे कान तापले. काय सांगणार होते मी त्यांना? सशाचं काय असतं, प्रतिद्रव्य म्हणजे काय, हे ओटीवर उभं राहून? त्यांच्या नजरेत मी स्वच्छ दिसत होते: हातात औषध आहे आणि सासूला देत नाही अशी सून. पुढच्या बाईच्या हातावर मी तिळगूळ ठेवला. तिनं तो घेतला, पण माझ्याकडं बघितलं नाही. नंतर कित्येक दिवस दुकानात गेले की बोलणं थांबायचं. मी चुकले नव्हते, हे मला माहीत होतं. लाजेला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. रोज सकाळी गोठ्यात जाताना ती माझ्या आधी तिथं असायची.

तू माझ्याशी बोलत होतीस, पण कामापुरतं. 'जेवलीस काय', 'गाडी मिळाली काय'. आडमुठ्याचं नाव काढलं नाहीस.

पुढच्या फेरीला आम्ही त्याच लठ्ठ उंदरांना तीच सुई परत दिली. थोड्या वेळात पहिला उंदीर धापा टाकायला लागला. मग दुसरा. मी हातात घेतलेला तुझा लाडका, तुटक्या शेपटीचा. तू त्याला 'बंडू' म्हणायचीस. माझ्या तळहातावर त्याचं अंग ताठलं आणि गेला. सुई दिलेले सगळेच गेले. सर टेबलापाशी उभे होते. म्हणाले, "सशाचं द्रव्य उंदराला परकं. शरीर पहिल्यांदा सोसतं, दुसऱ्यांदा उलटतं. हे आधी सुचायला हवं होतं मला." मग वही उघडून म्हणाले, "दोन्ही लिहायचं. साखर उतरली तेही आणि हेही."

आत्ती, माझ्या मनात पहिला विचार आला तो तुझा. वाचली, असा. पण त्याला लागूनच दुसरा आला: आता आत्तीला दाखवते. मेलेले उंदीर समोर होते आणि मी मनात वाक्य जुळवत होते, ओटीवर, त्याच बायकांपुढं म्हणायचं. 'बघा, म्हणून दिली नव्हती.' गाडीत बसून ते वाक्य मी घासून पुसून तयार केलं.

घरी आले तर तू पाय पाण्याच्या बादलीत बुडवून बसली होतीस. काजू वेचताना काटा गेला होता, कधी गेला तुलाच ठाऊक नव्हतं. अंगठा काळा पडला होता. "दुखत तर न्हाई," तू म्हणालीस. वास येत होता. ते वाक्य मी आणलं तसंच राहिलं.

बेळगावच्या दवाखान्यात आधी अंगठा काढला. मग गुडघ्याखाली पाय. म्हादू बाहेर बाकावर बसून राहायचा, तुला त्याच्यानं बघवायचं नाही. धुणंपुसणं, बेडपॅन, सगळं माझ्याकडं. तू भिंतीकडं तोंड फिरवायचीस. "भावाच्या लेकीच्या हातनं हे करून घ्याय लागलं," असं एकदा भिंतीलाच म्हणालीस. मला म्हणायचं होतं, आत्ती, मी उंदराच्या यकृतात चरबी किती धरली ते सांगू शकते आणि तुझ्या पायाचा अंगठा काळा पडेपर्यंत मला दिसला नाही, मग लाज कुणी धरायची? पण तुझी मान भिंतीकडं आणि माझी बादलीकडं. दोघी आपापली लाज धरून काम उरकायचो.

एका दुपारी तू विचारलंस, "बंडू कसा हाय?"

"गेला, आत्ती."

"कशानं?"

"सुईनं. परत दिली, त्यात गेले. दिलेले सगळे."

वर पंखा फिरत होता. तू त्याच्याकडं बघत राहिलीस.

"म्हंजे मी बी गेले असते."

"माणसाचं वेगळं असतं. पण एकदा घेऊन भागलं नसतं, दुसऱ्यांदा गेली असतीस कदाचित. व्हय."

"तुला ठावं व्हतं. म्हणून दिली न्हाईस."

गाडीत बसून जे वाक्य मी तयार केलं होतं त्याला लागणारं सगळं तू आयतं माझ्या हातात ठेवलंस. आणि मला ते घेववेना.

"न्हाई आत्ती. मला ठावं नव्हतं. मी भिऊन दिली न्हाई. सरांना भिऊन, नियमाला भिऊन. उंदीर मरतील हे त्या दिवशी कुणालाच ठावं नव्हतं."

"खोटं नको बोलू."

"आईशपथ खरं सांगते."

"माझी समजूत काढायलीस तू. मी तुला चारचौघीत बोलले, आता मला वाईट वाटू नये म्हणून." तू माझा हात धरलास. संक्रांतीनंतर पहिल्यांदा. "कुसे, मला कळतंय ग."

तुला काहीच कळलं नव्हतं, आणि मला ते कळवून देता आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तू नुसती मान हलवायचीस, लहान पोराचं ऐकून घ्यावं तशी. आणि मग वॉर्डभर सांगत सुटलीस. शेजारच्या कॉटवर कॅसलरॉकची यल्लूबाई होती, तिलाही साखरच, नवरा रेल्वेच्या गँगमधला. तिला, नर्सला, झाडणाऱ्या बाईला, भेटायला आलेल्या परक्या लोकांना. "ही माझी सून. हिनं माझा जीव वाचवला. मी सुई मागत व्हते, हिनं दिली न्हाई. मी हिला नको ते बोलले, तरी दिली न्हाई. हिला सगळं ठावं असतंय." ओटीवर जे माझं पाप होतं तेच इथं पुण्य झालं, आणि मी दोन्ही वेळा एकच गोष्ट केली होती. बायका माझ्याकडं बघून हात जोडायच्या. ओटीवरच्या नजरा मी सोसल्या होत्या. ह्या मला सोसेनात. मी डबा घ्यायचं निमित्त करून बाहेर जायची.

पण त्याच आठवड्यात डॉक्टर आले तेव्हा तू स्वतः म्हणालीस, "द्या तुमची ती सुई. सून म्हणत्या घे, म्हंजे घ्यायची." इतकी वर्षं मी सांगून झालं नाही ते माझ्याबद्दलच्या एका गैरसमजानं झालं. त्याबद्दल मी कुणाचे आभार मानू, आत्ती?

घरी आणल्यावर रोज सकाळी मी तुला इन्शुलिन द्यायची. तू बाजल्यावर बसून दंड पुढं करायचीस. सुई आत जाताना मला गोठ्यातली ती सकाळ दिसायची, तुला दिसत होती की नाही, विचारलं नाही. एकदा तू म्हणालीस, "एवढं माझं रक्त काढत्यात तपासायला, थोडं धारवाडला बी ने की. माझ्यातला आडमुठ्या मोज."

"मोजता येणार नाही आत्ती. आमचं द्रव्य उंदराच्या प्रथिनाला ओळखतं, माणसाच्या नाही."

"वळखतच न्हाई?"

"अजिबात."

तू किती दिवसांनी अशी हसलीस. अंग हलेपर्यंत हसलीस. "म्हंजे मी उंदीर न्हाई, एवढं तरी ठरलं तुझ्या शाळंत."

मीही हसले. हसताना माझ्या मनात आलं, आता सांगावं. तू हसतेयस तोवर ऐकशील. की आत्ती, मला सगळं ठावं नसतं, मला फार थोडं ठावं आहे, आणि तू माझ्यावर जो विश्वास टाकलायस तो चुकीच्या माणसावर आहे. पण तू उशीला टेकून डोळे मिटले होतेस, चेहरा इतका निवांत होता की मी सिरिंज धुवायला निघून गेले. पुढच्या आठवड्यात तू गेलीस. पायानं नाही, सुईनं नाही. दुपारी जेवून पडलीस ती हृदय थांबून.

तुझ्यामागं बायका आल्या. शाळेतल्या बाई आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुझं नाव घेत होत्या." दुकानात आता बोलणं थांबत नाही, उलट मला वाट करून देतात. गोठ्यातले नाचणीवाले उंदीर मी धारवाडला पोचवले. प्रबंधात दोन्ही लिहिलंय, साखर उतरली तेही आणि उंदीर मेले तेही. त्यांना खायला कुणी घातलं, ते लिहायला त्यात जागा नव्हती. सरांनी सुरुवातीच्या आभाराच्या पानावर तुझं नाव घालायला सांगितलं. मी घातलं. खाली 'सासूबाई' लिहिलं, मग खोडून 'आत्ती' लिहिलं.

काल यल्लूबाई आली. रुळांचं रुंदीकरण चालू आहे, गाड्या बंद, म्हणून कॅसलरॉकहून खडीच्या ट्रकमधून आली. तू गेल्याचं तिला ठाऊक नव्हतं. दारातच बसली, पदर तोंडाला लावून रडली. मी चहा दिला. बिनसाखरेचाच मागितला. चहा झाल्यावर म्हणाली, "बाई, मी तुमच्याकडंच आले व्हते. बेळगावचा डाक्तर म्हणतोय, आता सुई सुरू कर. घरात सगळी नको म्हणत्यात. सासरा म्हणतोय, ती लागली की माणूस जातंय. मी म्हणलं, मी रामनगरला जाऊन इचारून येते. आत्तीबाई सांगत व्हत्या, तुम्ही न्हाई म्हणाला की न्हाई, व्हय म्हणाला की व्हय. तुम्हाला सगळं ठावं असतंय."

ते वाक्य तुझंच, तुझ्याच सुरात. मी खाली बघितलं. म्हणाले, "यल्लूबाई, आत्तीला माझं कौतुक होतं म्हणून ती तसं म्हणायची. मी डॉक्टर नाही. मी उंदरांवर काम करते, आणि त्यातलंही मला पुष्कळ ठाऊक नाही. तिला सुई दिली नाही ती मी भिऊन."

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अगदी तुझ्यासारखी मान हलवली.

"ते असू दे. ही सुई घेऊ का नको, तेवढं सांगा."

आत्ती, मी कितीदा 'मला ठावं न्हाई' म्हणून बघितलं, तुझ्यापुढं, सरांपुढं, आता हिच्यापुढं. ते खरंच होतं. त्या बायकांनी हात जोडले की मला तोंड लपवावंसं वाटायचं, तेही खरं, आणि ते जाईल असं वाटत नाही. पण हिनं विचारलेलं मला ठाऊक होतं. तात्याच्या वेळेपासून ठाऊक होतं. आणि पहिल्यांदा कुणीतरी समोर बसून ते ऐकायला तयार होतं, तेही तुझ्या शब्दावर.

"घ्या," मी म्हणाले. "आजपासून घ्या."

"ठावं हाय न्हवं तुम्हाला?"

"व्हय. हे मला ठावं हाय."

तिनं पिशवीत हात घातला. ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्शुलिनची बाटली बाहेर काढली, बरोबर घेऊनच आली होती. ती बाजल्यावर माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "मग कशी घ्यायची ते दावा."

मी हात धुवायला उठले.